कोनशिलेवर नसलेली नावे

चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला आणि दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पुस्तकांचा जो बाजार भरतो, त्याची दखल मराठी साहित्याच्या प्रस्थापित इतिहासकारांनी अजून नीट घेतलेली नाही. रात्रभर रेल्वेच्या दारात बसून आलेली माणसे परतीच्या भाड्यापुरते पैसे बाजूला ठेवतात आणि उरलेल्याची पुस्तके घेतात. ज्यांना स्वतःला वाचता येत नाही तेही नातवासाठी घेतात. त्या ढिगाऱ्यात माझ्या नजरेला जी पुस्तके सर्वांत जास्त दिसतात ती इतिहासाची असतात. आपण कोण होतो, कोठून आलो, कोणी आपल्याला गावाबाहेर काढले, कोणत्या लढाईत आपले पूर्वज लढले, हे सांगणारी ही पुस्तके आहेत. चाळीस पानांचीही असतात, चारशे पानांचीही.

ही भूक समजून घेतली पाहिजे. गावाच्या कागदपत्रात ज्याला वेस राखणारा, सांगावा पोहोचवणारा, मेलेले ढोर ओढणारा एवढीच जागा होती, तो माणूस आज आपल्या पूर्वजाचे नाव शोधतो आहे. ‘स्वामी’सारखी कादंबरी १९६२ साली आली आणि मध्यमवर्गीय मराठी वाचकाला पेशवाईचा काळ आपल्या घरातला वाटू लागला. वाड्यातले रुसवे, निष्ठा, अखेरचा आजार हे सारे त्याला जवळचे झाले. वाड्याबाहेरचा महारवाडा हा त्या कादंबरीचा विषय नव्हता. याच पेशवाईत अस्पृश्याच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू होता, हे बाबासाहेबांनी १९३६ सालच्या ‘जातिसंस्थेचे उच्चाटन’मध्ये लिहून ठेवले आहे. एकाच काळाच्या या दोन कथा. पहिलीला पुरस्कार आणि आवृत्त्या मिळाल्या. दुसरी आम्ही उन्हातान्हात दहा-वीस रुपयांच्या पुस्तिकांतून वाचली.

पण भुकेल्या माणसाच्या पानात काय वाढले जाते हे पाहणे, हेही समीक्षेचे काम आहे. आपला म्हणून जो इतिहास छापला जातो, सांगितला जातो, त्याकडे आपण समीक्षकाच्या नजरेने पाहतो काय? की तो आपल्या बाजूचा आहे एवढ्यावरच त्याला उत्तीर्ण करतो? हा लेख या प्रश्नाविषयी आहे. वाढणाऱ्यांत मीही होतो, म्हणून सुरुवात स्वतःपासून करतो.

मी छावणीतला. खाम नदीच्या पलीकडची ही वस्ती इंग्रजी अमलात हैदराबाद कंटिन्जंटच्या फौजेसाठी वसली. १९०३ साली ती फौज हिंदी लष्करात मिसळली, नाव गेले, छावणी राहिली. लष्कर आले की त्याच्याबरोबर घोडे येतात, घोड्यांबरोबर लीद येते, साहेबाबरोबर बंगला येतो, आणि हे सारे स्वच्छ ठेवण्यासाठी आमची माणसे येतात. १८५७ साली येथल्या घोडदळातल्या शिपायांनी बंड केले, त्याची आठवण शहराने क्रांती चौकातल्या काळ्या चबुतऱ्यावर जपली आहे. ती जपलीच पाहिजे. पण त्याच शिपायांच्या घोड्यांखालची जमीन झाडणाऱ्यांची आठवण कोणत्याही चबुतऱ्यावर नाही. शाळेत असताना मला हा फरक कळत नव्हता. इतिहास म्हणजे दुसऱ्यांचा इतिहास, आणि त्यात आपण पाठांतर करून गुण मिळवायचे, एवढीच माझी समज होती.

१९७२ साली मी मिलिंदमध्ये आलो. मराठवाड्यात दुष्काळ होता. घरची माणसे खडी फोडायला जात होती आणि मी ग्रंथालयात बसत होतो. तेथे चांगदेव खैरमोडे यांचे बाबासाहेबांचे चरित्र हाती आले. पहिला खंड १९५२ चा, म्हणजे बाबासाहेब हयात असतानाचा. सरकारी कचेरीत नोकरी करणारा हा माणूस वर्षानुवर्षे पत्रे, कात्रणे, आठवणी गोळा करीत राहिला. खैरमोडे यांची मांडणी विस्कळीत आहे, संपादनाची शिस्त कमी आहे, हे आक्षेप खरे आहेत. तरीही मला त्या खंडांनी पहिल्यांदा दाखवले की आपला इतिहासही कागदावर असतो. तो शोधावा लागतो आणि शोधणारा आपल्यातलाच असू शकतो.

त्या दिवसांत माझ्या आजीने एक गोष्ट मला अनेकदा सांगितली. मिलिंदची इमारत बांधली तेव्हा ती गवंड्याच्या हाताखाली होती. दगड वाहिले, चुन्याच्या पाट्या वाहिल्या. ‘बाबासाहेब काठी टेकून हुबे ऱ्हायचे,’ ती म्हणायची. ‘मला म्हणले, बाई, लेकरं शाळंत घालतीस का न्हाई?’ मी कॉलेजकुमार होतो. मी हसलो. म्हटले, ‘आजी, प्रत्येक म्हातारी हेच सांगते. बाबासाहेबांना काय तेवढंच काम होतं?’ ती गप्प बसली. मग कधीतरी पुन्हा सांगायची आणि मी पुन्हा हसायचो. तिच्याबरोबर कोण कोण बायका कामाला होत्या, कोणत्या गावच्या, मजुरी किती होती, हे मी एकदाही विचारले नाही. १९७९ साली ती गेली.

महाविद्यालय १९५० साली सुरू झाले. इमारतीची कोनशिला १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसवली गेली. या गोष्टी मला तारखांसह पाठ होत्या. ज्या बाईने तेथले दगड वाहिले ती माझ्या घरात होती आणि तिला मी साक्षीदार मानत नव्हतो.

पुढे मी शिक्षक झालो, भाषणे देऊ लागलो. १ जानेवारीला भीमा कोरेगाववर बोलायला मला दरवर्षी कोठे ना कोठे बोलावणे असे. माझे भाषण ठरलेले होते : पाचशे महार एका बाजूला, अठ्ठावीस हजार पेशवे दुसऱ्या बाजूला, एका दिवसात पेशवाई संपली. टाळ्या ठरलेल्या जागी पडत. काही वर्षांपूर्वी छावणीतल्याच एका कार्यक्रमात भाषण संपल्यावर बारावीची एक मुलगी उभी राहिली. तिने विचारले, ‘सर, मी स्तंभ बघून आले. तिथं सगळीच नावं आपली नाहीत. मग बाकीची कोणाची?’ सभेत कुजबुज झाली. कार्यकर्त्यांपैकी एकाने तिला खाली बसायला सांगितले. मी काहीतरी सारवासारव केली. घरी आल्यावर मात्र झोप आली नाही. इतकी वर्षे मी त्या स्तंभावर बोलत होतो आणि तो पूर्ण वाचला नव्हता.

मग वाचला. जे समजले ते असे. १ जानेवारी १८१८ रोजी शिरूरहून पुण्याकडे निघालेली कॅप्टन स्टाँटनची कंपनीची तुकडी कोरेगावात अडकली. तीत मुंबई पायदळाचे सुमारे ५०० शिपाई, अडीचशे-तीनशे घोडेस्वार आणि मद्रास तोफखान्याचे थोडे गोलंदाज होते. पायदळात महार मोठ्या संख्येने होते, पण सारे महार नव्हते. समोर पेशव्यांचे सैन्य २८ हजारांच्या घरात होते असे म्हणतात. पण गावात शिरून प्रत्यक्ष लढलेल्या तुकड्या त्याहून पुष्कळ लहान होत्या आणि त्यांत अरबांचाही मोठा भरणा होता. दिवसभर, पाण्यावाचून, कंपनीच्या शिपायांनी गाव धरून ठेवले. रात्री पेशव्यांचे सैन्य निघून गेले. पेशवाई त्या एका दिवसात संपली नाही. बाजीराव शरण आला तो त्याच वर्षी जूनमध्ये. स्तंभावर पडलेल्यांची ४९ नावे आहेत. त्यांपैकी २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे, म्हणजे ती महारांची आहेत.

आता प्रश्न असा की या माहितीने आपले काही गेले काय? मला वाटते, काही गेले नाही, उलट पुष्कळ मिळाले. ज्या काळात महाराचे नाव गावच्या चावडीत तुच्छतेने घेतले जाई, त्या काळात बावीस महारांची नावे, इतरांच्या नावांच्या शेजारी, एकाच दगडावर, एकाच मापाच्या अक्षरांत कोरली गेली. हे आपल्यासाठी पाचशेच्या आकड्यापेक्षा मोठे आहे. मेल्यानंतर का होईना, त्या दगडावर शिवाशिव नाही. ‘बाकीची कोणाची?’ या त्या मुलीच्या प्रश्नाचे खरे उत्तर हे होते : बाकीची इतरांची, आणि आपली त्यांच्या बरोबरीने. मी ते उत्तर देऊ शकलो नाही, कारण माझ्या भाषणात बरोबरीला जागा नव्हती, फक्त पराक्रमाला होती.

शिवाय कथा तेथे संपत नाही. ज्या फौजेसाठी ही माणसे मेली, त्याच फौजेने १८९० च्या दशकात महारांची भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकर या निवृत्त सैनिकाने दापोलीत बसून त्याविरुद्ध अर्ज लिहिला. पुढे शिवराम जानबा कांबळे यांनीही अर्जविनंत्या केल्या. या लोकांनी कोरेगावची आठवण इंग्रजाला करून दिली ती त्याचे उपकार मानण्यासाठी नव्हे, त्याचा कृतघ्नपणा त्याच्या पदरात घालण्यासाठी. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी त्या स्तंभाजवळ आले आणि अवघ्या पावणेतीन महिन्यांत, २० मार्चला, महाडच्या तळ्यावर गेले. म्हणजे त्यांनी स्तंभ पाहून मागे वळून आरती केली नाही, ते पुढे चालू लागले. आमच्या भाषणांतून ही सारी साखळी गळून पडते आणि टाळीचा आकडा तेवढा उरतो.

कोणी कार्यकर्ता मित्र म्हणेल, ‘सर, लोकांना लढायला बळ लागते. बारकावे विद्यापीठात बोला.’ हा आक्षेप मी हलक्याने घेत नाही. २०१८ साली, लढाईला दोनशे वर्षे झाली त्या दिवशी, कोरेगावच्या वाटेवर दगडफेक आणि जाळपोळ झाली, एका तरुणाचा जीव गेला. आपला इतिहास सांगणे ही आपल्यासाठी आजही सुरक्षित गोष्ट नाही. पण नेमके म्हणूनच आपले सांगणे पक्के पाहिजे. आपण एक आकडा फुगवला की विरोधक त्या एका आकड्याला धरून बावीस नावेही पुसून टाकायला निघतो. आणि त्याहून वाईट हे की आपलीच शिकलेली मुलगी उभी राहून प्रश्न विचारते तेव्हा आपण तिला खाली बसवतो. ज्या चळवळीने माणसाला प्रश्न विचारायला शिकवले, त्या चळवळीच्या मंचावर हे घडावे?

आपली परंपरा अशी नाही. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली. दशावताराच्या भाकडकथा त्यांनी उलट्या करून वाचल्या आणि त्यांतून बळीराजाचा, आर्यभटांच्या स्वारीचा इतिहास सांगितला. शूद्रातिशूद्राला भूतकाळ मिळवून देणारी ती पहिली मोठी कथा होती. बाबासाहेबांनी जोतीरावांना गुरू मानले. १९४६ साली ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ हा ग्रंथ त्यांनी जोतीरावांनाच अर्पण केला. आणि त्याच ग्रंथात आर्य नावाचा वेगळा वंश बाहेरून आला आणि त्याने येथल्यांना जिंकले, हा सिद्धांत त्यांनी पुरावे तपासून नाकारला! ज्या पायावर गुरूची कथा उभी होती तो पाया शिष्याने गुरूला वंदन करून काढून टाकला. यात अनादर नाही. जोतीरावांनी विचारलेला प्रश्न, म्हणजे आम्हांला शूद्र कोणी आणि कसे केले, बाबासाहेबांनी तसाच हाती ठेवला आणि उत्तर नव्याने शोधले.

दोनच वर्षांनी, १९४८ साली, ‘अस्पृश्य मूळचे कोण?’ आला. त्याच्या प्रस्तावनेत बाबासाहेब उघडपणे मान्य करतात की या विषयात पुराव्याच्या कड्या तुटलेल्या आहेत, तेथे अनुमान आणि कल्पनाशक्ती वापरावी लागते, आणि आपण ती वापरली आहे. ते आपली मांडणी अखेरचा शब्द म्हणून पुढे करीत नाहीत. कोठे पुरावा आहे आणि कोठे अनुमान आहे, हे वाचकाला कळू देणे हीच त्यांची रीत आहे. आज त्याच ग्रंथातील अनुमाने आपल्याकडच्या कित्येक पुस्तिकांत सिद्ध झालेल्या घटना म्हणून, सनावळ्या लावून छापली जातात. बाबासाहेबांच्या नावाने बाबासाहेबांची रीतच मोडली जाते. या पुस्तिकांच्या लेखकांची तळमळ मला ठाऊक आहे. पण तळमळ हा पुरावा होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

येथे कलेविषयी बोलले पाहिजे, कारण आपल्या समाजाला इतिहास पहिल्यांदा भेटला तो पुस्तकात नव्हे. तो जलशात भेटला. भीमराव कर्डकांच्या आणि त्यांच्यासारख्या इतरांच्या जलशांनी निरक्षर माणसाला महाड आणि नाशिक घरपोच सांगितले. आणि आमच्या छावणीला लागून, नागसेनवनात, प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे ‘युगयात्रा’ हे नाटक १९५५ साली खुद्द बाबासाहेबांसमोर झाले. युगायुगांतून चालत आलेले अस्पृश्याचे दुःख रंगमंचावर उभे करणारे हे नाटक पुढे १९५६ साली नागपूरला धर्मांतराच्या वेळी प्रचंड जनसमुदायासमोर झाले. दलित रंगभूमीचा विचार या नाटकाला वगळून करता येत नाही.

‘युगयात्रा’त अनेक युगे काही तासांत जातात. पुराणातला माणूस आणि कागदपत्रातला माणूस एकाच मंचावर येतात. यावर इतिहासाचा अभ्यासक आक्षेप घेईल. मी घेत नाही. कारण नाटक पाहणाऱ्याला ठाऊक असते की हे नाटक आहे. तेथे सत्य असते ते अनुभवाचे : दर युगात नाव बदलले, वागणूक बदलली नाही, हे त्याला आतून पटते. नाटककाराला कल्पनेची मोकळीक आहे, कारण तो ती उघड्यावर घेतो. इतिहासाच्या पुस्तकाला ती मोकळीक नाही, कारण वाचक तेथे विश्वासाने येतो. जलसाकार जेव्हा पोवाडा गातो तेव्हा पाचशेचे पाच हजार झाले तरी मी ऐकून घेईन. तोच आकडा मी शिक्षक म्हणून फळ्यावर लिहिला तर ती फसवणूक आहे. आपल्याकडे या दोन गोष्टींची सरमिसळ झाली आहे. जलशाची भाषा पुस्तकात शिरली आणि जलसे मात्र बंद पडत चालले. दोन्हीकडून तोटा झाला.

मग चांगला इतिहास कसा लिहावा? याचे उत्तर आपल्याच घरात आहे. १९८९ साली उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक आले. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना शोधत, दारोदार फिरत, त्यांच्या मुलाखती घेत या दोघींनी ते सिद्ध केले. महाड, नाशिक, १९४२ ची नागपूरची महिला परिषद, धर्मांतर या साऱ्या ठिकाणी बायका हजारोंनी होत्या हे आपण नेहमीच म्हणत होतो. ‘हजारोंनी होत्या’ हे म्हणणे किती सोयीचे असते! हजारोंत कोणाचेच नाव घ्यावे लागत नाही. या पुस्तकाने नावे घेतली. नागपूर परिषदेच्या अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे, नागपुरात मुलींसाठी शाळा काढणाऱ्या जाईबाई चौधरी, नाशिकच्या शांताबाई दाणी अशी माणसे नाव, गाव, कष्ट, घर, संसार यांसह उभी राहिली. २००८ साली वंदना सोनाळकर यांनी ते इंग्रजीत नेले आणि जगभरचे अभ्यासक ते वाचू लागले.

या पुस्तकाचे मोठेपण मला दोन गोष्टींत दिसते. एक, त्याने म्हाताऱ्या बाईच्या तोंडच्या शब्दाला साक्षीचा मान दिला. दोन, त्याने तो शब्द एकटा सोडला नाही. जुनी वर्तमानपत्रे, परिषदांचे वृत्तांत यांच्या शेजारी आणून ठेवला. स्मृती चुकते. साल मागेपुढे होते, एका सभेतले बोलणे दुसऱ्या सभेत जाते. म्हणून ती टाकून द्यायची नसते, आणि म्हणून ती जशीच्या तशी सिद्ध म्हणूनही छापायची नसते. कोणी सांगितले, केव्हा सांगितले, दुसरे कोण तेथे होते, हे लिहायचे असते. हे वाचताना मला माझी आजी आठवली आणि माझीच मला लाज वाटली. बाबासाहेब तिच्याशी खरेच बोलले होते काय, हे आज कोणीच सांगू शकणार नाही. पण ‘मिलिंदच्या बांधकामावर मजुरी केलेल्या एका बाईने आपल्या नातवाला असे सांगितले’, हे वाक्य पूर्ण खरे आहे आणि इतिहासाला त्याचा उपयोग आहे. एवढे खरे वाक्यसुद्धा मी पन्नास वर्षांत लिहिले नव्हते.

या पुस्तकाबद्दल माझी तक्रार असेल तर ती पुस्तकाशी नाही, आपल्याशी आहे. अशी पुस्तके जिल्ह्याजिल्ह्यातून यायला हवी होती. मराठवाड्याचे काय? निजामी राजवटीत आपल्या समाजावर काय गेले, याविषयी मुक्तिसंग्रामाच्या जाड ग्रंथांत किती पाने आहेत? ३० डिसेंबर १९३८ रोजी कन्नड तालुक्यात मकरणपूरला भाऊसाहेब मोरे यांच्या पुढाकाराने परिषद भरली, बाबासाहेब आले. त्या परिषदेला पायी गेलेल्या माणसांच्या आठवणी त्यांच्या हयातीत कोणी उतरून घेतल्या?

आणि जे उतरले आहे तेही आपण पूर्ण सांगतो काय? १९३४ साली बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांबरोबर वेरूळ पाहायला या भागात आले होते. दौलताबादच्या किल्ल्याबाहेरच्या हौदावर त्यांनी हातपाय धुतले आणि एक म्हातारा मुसलमान ओरडत आला की धेडांनी हौद बाटवला. बाबासाहेबांनी ही घटना स्वतः लिहून ठेवली आहे. हिंदूला जो अस्पृश्य तो मुसलमानालाही अस्पृश्य, एवढे दाखवण्यासाठी त्यांनी ती लिहिली. आज ती सांगणारे दोन प्रकारचे आहेत. एक, एकजुटीला बाधा येईल म्हणून ती गाळतात. दुसरे, तेवढीच एक घटना उचलून शेजाऱ्याविरुद्ध वापरतात आणि त्याच लेखनात हिंदूंकडून आणि पारशांकडून झालेले जे अपमान बाबासाहेबांनी नोंदले आहेत, मसूर स्टेशनवरचा, बडोद्याचा, ते गिळून टाकतात. दोघेही बाबासाहेबांचे अर्धे वाक्य सांगतात. शहराचे नाव औरंगाबादवरून छत्रपती संभाजीनगर झाले आहे, आणि नावावरून माणसे एकमेकांपुढे उभी ठाकण्याच्या या दिवसांत अर्धे वाक्य फार धोक्याचे आहे.

नामांतराचेच घ्या. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचीराम कांबळे यांना मारले. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. मधली सोळा वर्षे ज्यांनी सोसली त्यांतली बरीच माणसे आता नाहीत. पोचीराम कांबळे, गौतम वाघमारे ही नावे आपण दर १४ जानेवारीला विद्यापीठाच्या दारात घेतो, आणि ती घ्यायलाच हवीत. पण ज्यांची घरे जळाली, जे रात्रीतून गाव सोडून शहरात आले आणि परत गेलेच नाहीत, ती कुटुंबे कोणत्या गावची, त्यांच्या जमिनीचे पुढे काय झाले? कविता आपण पुष्कळ लिहिल्या. त्या आवश्यक होत्या. गावनिहाय नोंद मात्र केली नाही. कवितेने आग दाखवली. कोणाचे घर होते हे नोंदीने सांगायचे असते.

याला साधनांची अडचण आहे हे मला मान्य आहे. पण सबब म्हणून नव्हे. महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखनाचा पहिला खंड १४ एप्रिल १९७९ रोजी काढला. वसंत मून यांनी ते संपादनाचे काम किती जिद्दीने रेटले हे सर्वांना माहीत आहे. १९८७ साली चौथ्या खंडातल्या ‘रिडल्स’वरून वादळ उठले, आणि त्या लेखनाच्या बचावासाठी फेब्रुवारी १९८८ मध्ये आपली लाखो माणसे मुंबईत रस्त्यावर आली. पुस्तकातल्या काही पानांसाठी रस्त्यावर येणारा असा समाज दुसरा कोणता आहे? ज्या समाजाने ती पाने वाचवली त्याला आपल्या आजीचे म्हणणे एका वहीत उतरवणे अशक्य आहे, असे मी मानत नाही.

तेव्हा विद्यार्थी आणि शिक्षक मित्रांना माझी विनंती आहे. येत्या सुट्टीत आपल्या वस्तीतल्या पाच वृद्ध माणसांकडे जा, त्यांतल्या तीन तरी बायका असू द्या. आज प्रत्येकाच्या खिशात आवाज टिपणारे यंत्र आहे, त्याचा उपयोग करा. नाव, गाव, काम, मजुरी, कोणत्या सभेला गेलात, कोण बरोबर होते, विचारा. जे सांगतील ते तसेच लिहा, त्यांच्या बोलीत लिहा. खाली तारीख घाला. मग त्याला दुसरा दुजोरा शोधा. मिळाला तर लिहा, नाही मिळाला तर तेही लिहा. आणि १ जानेवारीला, १४ एप्रिलला मंचावर उभे राहाल तेव्हा जे वाचले आहे तेवढेच बोला. समोरून मुलगी उठली तर तिला बोलू द्या.

छावणीतली ती मुलगी नंतर माझ्याकडे आली. मी तिची माफी मागितली, आणि आम्ही दोघांनी मिळून ती ४९ नावे एका कागदावर उतरून काढली. मग तिने मला विचारले, ‘सर, तुमच्या आजीबरोबर दगड वाहणाऱ्या बायकांची नावं काय होती?’ मला एक नाव अंधुक आठवते. ते बरोबर आहे याची खात्री नाही, म्हणून येथे लिहीत नाही. बाकीची गेली. ती मी घालवली. तुम्ही घालवू नका.